रोह्याहून आणलेली गाडी

लोक ट्रक घेतात तो चार पैसे सुटावेत म्हणून. मी घेतला तो रोज संध्याकाळी घरी यायला मिळावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात अजून बोलतात की ह्याला त्या वयात मालक व्हायची हौस आली होती. हौस कसली आली.

मी लाईनवर गाडी चालवायचो. म्हणजे गाडी दुसऱ्याची आणि माल लांबचा. पेणहून निघालं की खाली मंगळूर, कधी मद्रास, आणि परत. दहा दिवस, कधी बारा. वीस-बावीस वर्षं हेच केलं. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे दुसरं काही येत नव्हतं. आमचं गाव पेणच्या खाली खाडीकडे. बायको मिठागरावर जायची. तिचं माहेर खाडीकाठचं आणि सासरही खाडीकाठचं, त्यामुळे चालायला लागली तेव्हापासून पायाखाली खारं पाणीच. आम्हाला मूलबाळ नाही. एक झालं होतं, राहिलं नाही. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

एकदा बाराव्या दिवशी घरी आलो तर ही खाटेवर. ही दिवसा कधी खाटेवर दिसायची नाही. शेजारीण म्हणाली, "भाऊजी, परवा सकाळी चुलीपुढं पडलेली. मी ताक मागाला आले म्हणून कळलं, नायतर..." पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि नळी काढेचनात. म्हणाले, काळजाची झडप नीट मिटत नाही, फार दिवसांचं दुखणं आहे. मुंबईला नेऊन आणलं. तिथले म्हणाले, ऑपरेशन आता झेपायचं नाही, गोळ्या चालू ठेवा. पेणच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जड उचलायचं नाही, मिठागर बंद, आणि यांना एकटं ठेवायचं नाही. दम लागला की लगेच आणायचं, वेळ घालवायचा नाही."

मी व्हय म्हटलं. आणि चौथ्या दिवशी मद्रासला गेलो. न जाऊन करतो काय.

ज्याची गाडी चालवायचो त्या शेठला विचारलं, मला लोकलला घ्या. जवळच्या खेपा, सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तो म्हणाला, "लोकलला माझ्या भाच्यांनाच गाड्या पुरत नाहीत. तू लाईनचा माणूस. बायकोला तिच्या बहिणीकडं ठेव." तिला बहीण नव्हती. त्याला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं.

कोकणात रेल्वे व्हायची होती ती वर्षं. रोह्यापासून पुढं भराव पडत होते, कोलाडकडे खडी लागत होती. धरमतरला बार्जमधून कोळसा उतरायचा, तो कंपन्यांना न्यायचा. काम होतं, पण ज्याची गाडी त्याला होतं. दुसऱ्याच्या लोकल गाडीवर मालकाचा पोरगा नायतर जावई बसलेला असायचा. मग राहिलं काय, तर आपलीच गाडी. हिला सांगितलं तेव्हा खाटेवरून म्हणाली, "ट्रक घेताव? तुमाला साधा कोंबडा घेवाला पाठवला तर अर्धा दिवस लागतो."

"कोंबड्याला इंजिन नसतं," मी म्हटलं. "इंजिन मना कळतं."

पैशाचं सांगत बसत नाही. घरात विकण्यासारखं होतं ते विकलं. तिच्या अंगावर होतं तेही.

मला कसली गाडी पाहिजे ते मात्र पक्कं होतं. लाईनच्या गाडीला सीटच्या मागं फळी असते, आडवं व्हायला. तसली गाडी मला नकोच होती. आखूड केबिनची पाहिजे होती, सीट संपली की मागं पत्रा. तसल्या गाडीत माणूस झोपू शकत नाही, त्याला घरीच यावं लागतं. मी स्वतःला ओळखून होतो. फळी असली की कोणीतरी लांबची खेप आणून देणार, चांगलं भाडं बोलणार, आणि मी जाणार.

दोन महिने शोधलं. एका खेपेवरून आलो की दुसरी खेप निघेपर्यंत जे दोन-तीन दिवस मिळायचे त्यात. उरणला एक बघितली, तिचं इंजिन बसलेलं. खोपोलीची चांगली होती, पण कागद मेलेल्या माणसाच्या नावावर. महाडला गेलो तर म्हणाला, सकाळीच गेली मामा, तुम्ही चहा पिऊन आलात वाटतं. प्रत्येक वेळी हिला शेजारणीवर टाकून जायचो. शेजारणीची दोन लहान पोरं, सासू, शेत. ती तोंडानं काही बोलली नाही, पण तिलाही जमत नव्हतं हे दिसत होतं.

मग एक दिवस माझ्या देखत झालं. मी पडवीत विडी ओढत होतो. हिनं पाण्याची कळशी उचलली. नको म्हणेपर्यंत उचलली. आणि उभ्या उभ्या थांबली. ओठ जांभळे झाले. तोंड उघडं, पण आत काही जात नव्हतं. मी तिला धरून बसलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आधी मी हे ऐकलेलं होतं, आता बघितलं. तो शुक्रवार होता. सोमवारी मला मंगळूरला निघायचं होतं.

शनिवारी रोह्याला गेलो. कोणीतरी सांगितलं होतं की तिकडे एक जण आखूड केबिनची गाडी विकायला काढतोय. ह्या वेळी हिला बरोबर घेतलं. एसटीत खिडकीशी बसवलं. ती खूश होती. वैशाखाचं ऊन नुसतं ओतत होतं आणि ती म्हणत होती, किती दिवसांनी रोहा बघतेय.

नदीच्या अंगाला त्या माणसाचं आवार होतं. दोन गाड्या, एक ट्रॅक्टर, पत्र्याची शेड. पान चघळत बाहेर आला. आम्हा दोघांना बघून हसला.

"काय मामा, ट्रक बघायला आलात का सून?"

"हिला बसायला सीट बरी हाय का बघायची," मी म्हटलं.

"मग सोफा घ्या ना."

हिनं पदर सावरला. "सोफ्यात खडी भरता येते का, शेठ?"

तो पानासकट मोठ्यानं हसला. "वहिनी, तुम्हीच चालवा गाडी!"

मी इंजिनचा माणूस. झाकण उघडलं, तेल बघितलं, गार इंजिन एका चावीत सुरू झालं, धूर पांढरा नाही, काळा नाही. कान लावून ऐकलं. कोलाडच्या रस्त्यानं नेऊन आणली. गियर, क्लच, ब्रेक, सगळं हातात. स्टेअरिंग सरळ. दोन महिन्यांत एवढी चांगली एकही बघितली नव्हती. चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, नवा काळा रंग मारलेला होता. जुनी गाडी विकताना रंग मारतातच. मी त्याला म्हटलं, बोला किती. तो बोलला. मी बोललो. जुळत आलं.

हिला झाडाखाली बसवलं होतं, ती तिथं नव्हती. बघतो तर गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसून तिनं चासीच्या आत हात घातलेला.

"हिकडं या जरा," म्हणाली.

"काय झालं?"

"इथं ओल हाय."

तसल्या उन्हात, कोरड्या रस्त्यानं फिरवून आणलेल्या गाडीच्या लोखंडाला ओल. तिनं बोट जिभेला लावलं आणि बाजूला थुंकली. "कडू हाय हो."

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. खाडीकडचं सगळंच लोखंड खारट लागतं. दाराची कडी, विळा, सायकल, काहीही चाटा. ते वाऱ्याचं मीठ. ते कोरडं असतं, फडक्यानं पुसलं की जातं. पण मिठागरात मीठ पिकल्यावर खाली जे पाणी उरतं ते कडू असतं, आणि ते कधी पुरतं सुकत नाही. जिथं लागेल तिथं भर उन्हात ओल धरून राहतं. गाडीत ओलं मीठ भरलं की हे पाणी गळून खालच्या लोखंडाच्या पोटात जातं आणि तिथं बसून खात राहतं. वरून रंग मारा नायतर सोन्याचा पत्रा चढवा. आमच्याकडच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

गाडीवाला मागून आला. "काय झालं वहिनी?"

"हिच्यात मीठ भरलंव तुमी?"

"मीठ? आईशप्पथ, खडी आणि विटा. ह्या गाडीला मीठ माहीत नाही, वरणातलंसुद्धा!"

हिनं माझ्याकडे बघितलं. मी वाकून आत हात घातला. बोट जिभेला लावलं.

कडू होतं. जीभ आखडावी एवढं कडू होतं.

मी म्हटलं, "वाऱ्याचं हाय. धरमतरला उभी राह्यली असंल कधी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चाकाकडे बघत होतो. मग म्हणाली, "तुमी म्हणताव तर वाऱ्याचं."

तिनं वाद घालायला पाहिजे होता. ती वाद घालणारी बाई होती. मासळीच्या बाजारात तिच्याशी वाद नको म्हणून कोळणी एक बोंबील जास्त टाकायच्या. पण त्या दिवशी तिनं हात पदराला पुसला आणि गप्प झाली. कारण सोमवार तिलाही माहीत होता. मी खोटं बोललो ते तिच्यासाठी, आणि ती गप्प बसली ती माझ्यासाठी. दोघांनी मिळून ती गाडी घेतली असं म्हणायला हरकत नाही. पण पहिल्यांदा तोंड उघडलं ते मी.

तिथंच नारळ फोडला. तिला केबिनमध्ये चढवताना मला आणि गाडीवाल्याला दोघांना लागावं लागलं. सीटवर बसल्यावर तिनं मागच्या पत्र्यावर थाप मारली. "भिंत लागली," म्हणाली. "आता बगते कसं जाताव मद्रासला."

सोमवारी सकाळी शेठच्या गाडीची चावी शेठला दिली.

पुढचे चार-पाच महिने मी रोज घरी जेवलो. एवढं लिहिलं तरी पुरे आहे, पण थोडं सांगतो. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि ती झोपेत बोलते हे मला तेव्हा कळलं. माझ्या घोरण्याची तिनं शेजारणीला नक्कल करून दाखवली. गोळ्यांच्या वेळा मी पाठ केल्या. बरं असलं की ती माझ्याबरोबर खेपेला यायची, कारण घरी एकटी ठेवण्यापेक्षा ते बरं. धरमतरच्या जेटीवर कोळसा भरताना ती केबिनमध्ये बसून सुपारी कातरायची आणि भरणाऱ्यांशी बोलायची.

एक जण तिला मॅनेजर म्हणायचा. "मॅनेजर, आज किती खेपा?"

"तू पाट्या निम्म्या भरतोस, मना रे काय विचारतोस? तुझ्या बायकूला विचार, ती भात कसं वाढते तुला. तसा कोळसा भर."

सगळी जेटी हसायची. हसताना तिला धाप लागायची. मी पाण्याची बाटली पुढं करायचो.

भादव्याच्या आधी हमरापूरचे गणपती न्यायचं काम आलं. मूर्तिकार म्हातारा होता. गाडीचा हौदा बघून म्हणाला, "कोळशाची गाडी? माझ्या रंगाला काळा डाग लागला तर?" मी परतणार होतो, पण हिनंच केबिनमधून हाक मारली, "धुऊन देतो, दादा." देतो म्हणजे मी. ती अंगणात पाटावर बसून बोटानं दाखवत होती आणि मी बादल्या ओतत होतो. तिसऱ्यांदा धुताना मी म्हटलं, "देवाला येवढा कोळसा दिसतो व्हय?"

"देवाला नाय दिसत. पण ज्यानं रात्रंदिवस बसून डोळे काढलेत त्याला दिसतो. तो कोपरा राह्यला."

खाली पेंढा, मध्ये पेंढा, मूर्तींची तोंडं आतल्या बाजूला. एक लहानसा गणपती तिनं मांडीवर घेतला आणि मी बैलगाडीच्या चालीनं गाडी नेली. पोचल्यावर तिला उतरवायला दार उघडलं आणि परत लावायला गेलो तर लागेना.

"दार का लागत नाय?" ती म्हणाली.

"बिजागरी ढिली झाली असंल."

बिजागरी ढिली नव्हती. माल भरला की केबिन आणि हौदा यांच्यामधली फट एका बाजूला रुंद होत होती. म्हणजे खालून गाडी वाकत होती. बावीस वर्षं गाड्या चालवलेल्या माणसाला हे कळतं. मला कळलं. मी दाराला दोरी बांधली. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांनी जेटीवर कोळसा भरता भरता गाडी बसली. मोठा आवाज नाही, काही नाही. म्हैस चिखलात बसते तशी मागच्या एका अंगावर बसली. ती त्या दिवशी बरोबर नव्हती. भरणारे खाली उतरून बघायला लागले. मॅनेजर म्हणणारा होता त्यानं फक्त "अरे देवा" म्हटलं.

अर्धा माल उतरवून, दुसऱ्या गाडीच्या मागं बांधून फाट्यावरच्या मिस्त्रीकडे आणली. आमच्या गावाचा फाटा, घरापासून चालत वीस मिनिटं. मिस्त्री खाली गेला. स्क्रूड्रायव्हर लावला तर पावात सुरी जावी तसा आत. रंगाची साल तेवढी उरली होती, लोखंड नव्हतंच.

"काका," खालूनच म्हणाला, "ह्या गाडीनं मीठ वाह्यलंय. वर्षानुवर्षं वाह्यलंय. तुम्ही मिठागरातली माणसं, तुम्हाला नाय कळलं?"

मी म्हटलं, "नाय."

घरी जाऊन हिला सांगितलं. चासी तुटली म्हटलं. आता बोलेल, म्हणून मान खाली घालून बसलो. तिनं बोलायला पाहिजे होतं. तो माझा हक्कच होता म्हणा ना, चार शिव्या खायचा. ती म्हणाली, "मग पट्टी मारून घ्या. जेवलाव का?" त्या कडू पाण्याचा विषय तिनं शेवटपर्यंत काढला नाही. शेजारणीकडेही नाही, मी नंतर विचारलं.

मिस्त्रीचं काम दोन आठवडे चाललं. दोन्ही बाजूंचं सडलेलं कापायचं, नवीन जाड पट्टी आणून बसवायची, वेल्डिंग करायचं. मजुरी वाचावी म्हणून हाताखाली मीच. तोवर शेठचा निरोप आला की त्याचा लाईनचा ड्रायव्हर पळालाय, येतोस का. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी थांबवून ठेवलं. अर्धा तास तो बसला होता. मी नाही म्हटलं, पण अर्धा तास लागला हे खरं आहे. घरात गोळ्या संपत आल्या होत्या. गाडी पुन्हा रस्त्यावर आली नाही तर मला लाईनवर जावंच लागणार होतं, आणि मी गेलो तर ती बारा दिवस एकटी. डोक्यात दुसरं काही नव्हतं. झोपेतही मला पट्ट्याच दिसायच्या. मी जेवायला घरी जायचो तेव्हा ती काही सांगायला लागली तरी माझं लक्ष घड्याळाकडे. लाईट असेपर्यंत वेल्डिंग करायचं असायचं. लाईट दुपारी कधीही जायची आणि गेली की काम बंद.

त्या दिवसांत शेजारीण दोनदा मला बोलवायला फाट्यावर आली होती. दोन्ही वेळा मी धावत गेलो. दोन्ही वेळा ही बसलेली, बरी. दुसऱ्या वेळी तर मला बघून हसली. "काय धावताव, पायातली चप्पल कुठं गेली?" चप्पल मिस्त्रीकडे राहिली होती.

तिसऱ्या वेळी शेजारीण आली तेव्हा भातकापणी चालू होती, ती शेतातून तशीच आलेली. आम्ही मोठी पट्टी बसवत होतो. खालून दोन जॅक, वरून साखळी, आणि मी पहारीनं दाबून धरलेली. मिस्त्री वेल्डिंगचे टाके मारत होता. पट्टी सरकली तर चासी वाकडी, आणि वाकडी चासी म्हणजे सगळं फुकट.

"भाऊजी, वहिनीला दम लागलाय."

"किती?"

"लागलाय जरा. तिनं बोलवलं नाय, मीच आलेय."

"गोळी दिलीस?"

"दिली."

"येतो म्हणावं. येवढी पट्टी बसू दे."

ती उभीच राहिली. "येताव ना?"

"येतो म्हटलं ना गो!"

ती गेली. मिस्त्रीनं डोळ्यावरची काच वर केली. "काका, जायचं तर जा. उद्या करू."

मी म्हटलं, "उद्या लाईट असंल कशावरून? मार तू."

त्यानं काच खाली केली.

तास लागला. तासाच्या वर थोडं. पट्टी सरळ बसली. त्या दिवशी लाईट गेलीच नाही.

मिस्त्रीची सायकल घेऊन घरी गेलो. दार उघडं, आत कोणी नाही. पाण्याचा तांब्या आडवा पडलेला आणि जमीन ओली. शेजारणीची सासू ओटीवरून म्हणाली, "नेली रे तिला. रिक्षा बघून खालच्या रस्त्यानं नेली. तुझी वाट बघून बघून नेली." तशीच सायकल मारत पेणला गेलो. चढावर उतरून सायकल ढकलत पळालो, ते पळणं मला अजून पायात जाणवतं.

डॉक्टरांच्या वरच्या खोलीत खाटेवर होती. नाकाला नळी. शेजारीण पायाशी बसलेली, ती उठली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. हिचा हात धरला तर गार. माझे हात काळे, तिच्या मनगटाला वंगण लागलं. डोळे उघडून तिनं माझ्याकडे बघितलं.

"बसली पट्टी?"

"बसली."

"वाकडी नाय ना?"

"नाय."

"मग झालं."

एक एक शब्द तोडून बोलत होती. पुढं अजून काही म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मी कान तोंडाजवळ नेला. तिनं ते परत सांगितलं नाही. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, परत आले, पुन्हा दिलं. दुपार कलली तेव्हा ती गेली. मी तिथं होतो. लोक मला सांगतात, शेवटी तू जवळ होतास हे नशीब. पण पट्टी बसत होती तो तास मी जवळ नव्हतो, आणि मी मद्रासलाही नव्हतो. वीस मिनिटांवर होतो.

गाडी खरंच वाकडी झाली नाही. चार वर्षं चालवली. खडी, कोळसा, विटा, गणपतीसुद्धा. दार लागायला लागलं होतं. संध्याकाळी घरी यायचो, कारण तीच सवय लागली होती. चूल पेटवायचो. शेजारीण अजून भाजी आणून देते. ती माझ्याशी नीट बोलते, पण त्या दिवसाचं नाही. मीही काढत नाही. शेवटी गाडी भंगारात दिली, तेव्हा मिस्त्रीची ती पट्टी गॅसनं कापायला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणे.

एक गोष्ट मला विचारायची होती. डॉक्टर अजून पेणमध्येच आहेत. केस पिकले, पोरगाही डॉक्टर झाला. बाजारात भेटले की म्हणतात, "काय, बरं आहे ना?" मी व्हय म्हणतो. त्यांना विचारायचं होतं की तासभर आधी आणली असती तर. येवढंच. त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नसेल म्हणून सांगितलं नाही की मला वाईट वाटेल म्हणून, ते कळायला मार्ग नाही.

मागच्या पावसाळ्यात एकदा विचारायचंच ठरवून गेलो. नंबर लावला. दोन तास बाकावर बसलो. माझ्या आधी एक बाई होती, तिच्या कडेवर तापलेलं मूल, तिला मी माझा नंबर दिला. तिच्यानंतर अजून एकाला दिला. मग कंपाउंडर म्हणाला, "बाबा, तुम्हाला जायचंय का नाही आत?" गेलो. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली, दंडाला पट्टा बांधला, दाबून बघितला, म्हणाले, "प्रेशर तर ठीक आहे. काय होतंय?"

मी म्हटलं, "गुडघे दुखतात."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतोय.